पडवीतली ओळख

मिरजेच्या सेतू प्रयोगशाळेत त्या दिवशी भांडण झालं ते एका फोल्डरवरून. बाहेरच्या माणसाला सांगितलं असतं तर तो हसला असता. पन्नाशी ओलांडलेली दोन शिकलीसवरलेली माणसं, टेबलावर चहा गार होतोय, आणि वाद कशाचा तर म्हणे दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ऱ्या, म्हणजे प्रोग्रॅमना लागणारे तयार तुकडे, संगणकात ठेवायच्या कुठे. पण त्या फोल्डरपायी जतचा एक शिंपी जिवानिशी गेला होता. त्यामुळे त्या खोलीत कुणाला हसू येत नव्हतं.

मेंदूसेतू म्हणजे कानामागे, कवटीच्या आत बसवलेला बोटाच्या पेराएवढा संगणक. तापानं, अपघातानं किंवा झटक्यानं मेंदूचा जो भाग निकामी झाला असेल त्याचं काम तो करायचा. कुणाचा तोल सांभाळायचा, कुणाला घास गिळायला मदत करायचा, कुणाचा श्वासाचा ताल धरायचा. या सेतूवर जी प्रणाली चालायची तिचं नाव 'पाया'. लिनक्स या मोफत प्रणालीवर उभं केलेलं, फुकट वाटलं जाणारं वितरण, म्हणजे एकत्र बांधून दिलेला प्रोग्रॅमांचा संच. जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळायचे आणि कारभार चालायचा मिरजेतून. सुदर्शन मगदूम त्या वितरणाचा प्रमुख होता. समोर बसलेली डॉक्टर निलोफर मुजावर आधी मेंदूविकारतज्ज्ञ होती, मग सेतूंच्या नादाला लागून प्रोग्रॅम लिहायला शिकली.

"जतला काय झालं ते एकदा सरळ मांडते," निलोफर म्हणाली. "बापाला पुन्हा सुईत दोरा ओवता यावा म्हणून मुलानं त्याच्या सेतूत बाहेरची एक लायब्ररी घातली. बोटांच्या हालचालींची. लायब्ररी चांगली होती, त्याला दोरा ओवता येऊ लागला. पण ती एकटी आली नव्हती. तिला वेळेचे ठोके मोजणारी आणखी एक लायब्ररी लागते, तिची नवी आवृत्ती ती सोबत घेऊन आली. आपल्या पायामध्ये त्याच नावाची जुनी आवृत्ती होती. दोघींची जागा एकच. नवी जुनीच्या उरावर बसली. आणि श्वासाचा प्रोग्रॅम जुनीच्या भरवशावर चालला होता."

"चूक मुलाची नाही," सुदर्शन म्हणाला. "आपली आहे. आल्यागेल्याला आपण माजघरात उतरवत आलो."

माजघर आणि पडवी हे या मंडळींचे जुने शब्द. वितरणानं स्वतः तपासलेलं, स्वतः जबाबदारी घेतलेलं सगळं माजघरात. पडवी ही बाहेरच्यांसाठी मोकळी ठेवलेली वेगळी जागा. पण पडवी नावालाच होती. लायब्ररी बसवणारं साधन मुकाट्यानं सगळं माजघरात नेऊन ठेवायचं आणि वर्षानुवर्षं कुणी त्याला हटकलं नव्हतं.

"म्हणजे यापुढे बाहेरच्या सगळ्या लायब्ऱ्या पडवीत," निलोफर म्हणाली. "आपण पाया नवा केला तरी पडवीला हात लावायचा नाही, आणि तिथल्यांनी माजघराला लावायचा नाही. एवढ्यानं भागेल?"

"कुठलं भागतंय. प्रोग्रॅम लायब्ररी शोधायला निघाला की आधी पडवीत डोकावतो, मग माजघरात येतो. म्हणजे ठोक्यांची ती नवी आवृत्तीच त्याला आधी सापडणार. जतचंच गाणं परत." सुदर्शननं गार चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मधल्या दाराला कडी पाहिजे. जिवाशी गाठ असलेले प्रोग्रॅम फक्त माजघरातच बघतील. आणि रक्तातला प्राणवायू घसरला, की सगळ्या सेतूनंच आतून कडी लावून घ्यायची. पडवी बंद. माजघरात आहे तेवढ्यावर माणूस जगवायचा."

"मान्य. पण कडी बाहेरून काढायची एक किल्ली ठेवू या. डॉक्टरच्या हातात."

"नको."

"ऐकून तर घ्या."

"किल्ली असली की नातेवाईक डॉक्टरसमोर रडतो. तोही माणूस असतो. तो किल्ली फिरवतो, आणि जतचा शिंपी पुन्हा मरतो. काढता येते म्हटलं की लोक काढतात, निलोफर. प्राणवायू जागेवर आल्याशिवाय कुणालाच काढता येता कामा नये. मलासुद्धा."

निलोफरनं आपला कप बाजूला सारला. मग तिनं जे विचारायचं होतं ते विचारलंच. "आणि पल्लवीताईंचं काय?"

पल्लवी म्हणजे सुदर्शनची बायको. दातांची डॉक्टर, आणि जिभेला धार अशी की दाढ उपटून घेणारा रोगी खुर्चीत हसायचा. चार वर्षांपूर्वी तिला मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण दोन गोष्टी जळून गेल्या. एक श्वासाचा ताल. तो सेतूनं सांभाळला. दुसरी गोष्ट विचित्र होती. माणसाच्या मेंदूत चेहरा पाहणारी वाट वेगळी आणि त्या चेहऱ्यावर जीव जडलेला असतो ती वाट वेगळी. दोन्ही वाटा जोडणारा पूल तापात गेला. पल्लवीला नवऱ्याचं नाक, डोळे, कपाळ सगळं नीट दिसायचं, पण 'हा आपला' अशी जी खूण आतून पटते ती पटायची नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं त्याला विचारलं होतं, "तुम्ही हुबेहूब सुदर्शनसारखे दिसता. त्याचं काय केलंत तुम्ही?"

असं वर्षभर चाललं. एकाच घरात सुदर्शन परक्यासारखा राहिला, दार वाजवून खोलीत जायचा. मग फिनलंडच्या एका बाईनं आपल्या वडिलांसाठी लिहिलेली एक लायब्ररी त्याच्या हाती लागली. तो जळालेला पूल ती सेतूतून जोडून द्यायची. इथल्या मंडळींनी तिचं नाव 'ओळख' ठेवलं. सुदर्शननं ती पल्लवीच्या सेतूत बसवली, अर्थात सगळ्यांसारखी माजघरात. दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीनं डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय रे हे, दाढी नाही केलीस?" सुदर्शन न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून पोटभर रडला.

तर निलोफर विचारत होती ते याबद्दल. नव्या नियमानं ओळख पडवीत जाणार. एरवी काही बिघडत नव्हतं, उलट तिथं ती जास्त सुरक्षित होती. पण पल्लवीला कधी धाप लागली, प्राणवायू घसरला, तर कडी पडणार. आणि कडी पडली की नवरा परका.

"बाहेरची लायब्ररी माजघरात यायची रीतसर वाट आहेच," निलोफर म्हणाली. "वितरणानं ती दत्तक घ्यायची. तपासायची, तिच्या ठोक्यांची भानगड सोडवायची, पुढे सांभाळायची. ओळख रांगेत शेवटाला पडलीय. पुढे घ्या. मी करते काम, एका आठवड्यात करते."

"तिच्या आधीच्या लायब्ऱ्यांचे रोगी नाहीत का? त्यांना काय सांगू? प्रमुखाची बायको आहे, जरा थांबा?"

"कुणी काही म्हणणार नाही."

"म्हणूनच नको," सुदर्शन म्हणाला.

या मंडळींची ही एक खोड होती. कुणाचा पगार नाही, कुणाची सक्ती नाही, सगळं चालायचं ते एकमेकांच्या विश्वासावर. त्यामुळे आपल्या घरचं काम पुढे रेटणं हे त्यांच्यात चोरीसारखं मानलं जायचं. दुसरी रीत अशी की ज्यानं नियम लिहिला त्यानं तो आधी आपल्या घरी लावायचा. 'आधी आपल्या ताटात' असं ते म्हणायचे. सुदर्शननं या दोन्ही रीती इतक्या कसोशीनं पाळल्या की त्यातून काय शिजतंय ते त्याला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नियम सगळ्यांच्या आधी पल्लवीच्या सेतूला लागला. लावण्यापूर्वी सुदर्शननं स्वयंपाकघरातच तिला सगळं समजावून सांगितलं. ती घेवडा निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"म्हणजे मला दम लागला की तू परका."

"हो. दम निवला की परत आपला."

"आणि हे नाही केलं तर?"

"तुझ्या सेतूतही ठोक्यांची तीच भानगड आहे, पल्लवी. ओळखीबरोबर आलेली आवृत्ती जुनीशी कशीबशी जुळते म्हणून आज चाललंय. पुढच्या वेळी पाया नवा केला की काय होईल सांगता येत नाही. श्वास थांबू शकतो."

पल्लवीनं शेंग मोडली. "त्या जतच्या बाईचं काय झालं असेल रे. नवरा दोरा ओवत होता म्हणून खूश असेल बिचारी." मग म्हणाली, "लाव. सगळ्यांना लावणार तर मला आधी लाव. पण ती ओळख तेवढी आत घेऊन टाक की. मला ते परक्या माणसाबरोबर राहणं पुन्हा नको. फार वाईट असतं ते. तुला वाटतं तुलाच त्रास झाला, पण घरात एक अनोळखी माणूस आणि आपला माणूस बेपत्ता, हे मी वर्षभर भोगलंय."

"रांगेत आहे," सुदर्शन म्हणाला.

"रांगेत आहे म्हणे. रेशनच्या दुकानात उभी केलीस का तिला?"

तो हसला. तीही हसली. त्यानं बदल लावला, सेतू पुन्हा सुरू झाला. पल्लवीनं डोळे किलकिले करून त्याच्याकडे पाहिलं. सुदर्शन तिच्याकडे टक लावून पाहत होता.

"काय बघतोस असा? घेवडा कोण निवडणार आता?"

पुढच्या काही महिन्यांत तो नियम जगभरच्या सेतूंना लागला. जतसारखी घटना पुन्हा घडली नाही. बेल्लारीच्या एका मुलीचा आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या किती माणसांचा जीव कडीनं वाचवला, त्यांची पत्रं यायची. नियम बरोबर होता. हे सांगायलाच हवं, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणाला वाटेल की नियमच वाईट होता. तसं नाही. रांग मात्र हळूहळू सरकत होती आणि ओळख अजून बरीच मागे होती.

थंडीत पल्लवीला साधा खोकला झाला. दोन दिवसांत तो छातीत उतरला. न्यूमोनिया. सकाळी ती धापा टाकू लागली तेव्हा सुदर्शननं ॲम्ब्युलन्स बोलावली आणि तिचा हात धरून आत बसला. गाडी चौकातून वळत असताना कडी पडली. त्याला वेगळं कुणी सांगायला नको होतं. पल्लवीनं त्याच्याकडे पाहिलं आणि हात ओढून घेतला.

"तुम्ही कोण? सुदर्शन कुठंय?"

"मीच आहे, पल्लवी."

"असं नका हो बोलू." ती घाबरली होती. "आवाजसुद्धा त्याच्यासारखा काढता. मी आजारी बाई आहे, मला कशाला फसवता?"

तिची नाडी धावायला लागली, तसा तो गप्प झाला. वर्षभराच्या अनुभवानं त्याला एवढं कळत होतं की हट्ट धरला तर तिची भीती वाढते. तो सरकून कोपऱ्यात बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो आपल्या बायकोकडे पाहणारा एक अनोळखी माणूस होऊन राहिला.

निलोफर धावत आली. डॉक्टरांशी बोलली, सेतूची नोंद पाहिली आणि सुदर्शनला व्हरांड्यात घेऊन गेली.

"सेतू ताल नीट धरून आहे. कडी नसती तर ॲम्ब्युलन्समध्येच सगळं संपलं असतं. पण फुप्फुसं भरलीत. औषध लागू पडलं तर पडलं."

"किल्ली..." सुदर्शन म्हणाला, आणि तिथंच थांबला.

निलोफरनं त्याच्याकडे पाहिलं नाही. किल्ली नव्हती. ती कुणी ठेवू दिली नव्हती हे दोघांना ठाऊक होतं आणि ते बोलून दाखवण्याइतकी ती क्रूर नव्हती.

"ओळख माजघरात घालून बघू?" त्यानं विचारलं. "माजघरातलं कडीच्या आतच असतं. आत्ता घाल. रांग गेली खड्ड्यात."

"येतानाच बघितलं मी. ती स्वतःची ठोक्यांची लायब्ररी घेऊन येते. पडवीत गेल्यापासून तीही बदललीय, आता जतवाल्याची तीच, नवी. अशीच आत टाकली तर श्वासाच्या उरावर बसेल. वेगळी करून घ्यायला मला आठवडा लागेल, सुदर्शन. तेव्हा म्हटलं होतं तेवढाच."

तेव्हा म्हणजे घेवड्याच्या दिवसांत. तेव्हा हो म्हटलं असतं तर आज पल्लवी त्याचा हात धरून पडली असती. सुदर्शन भिंतीला टेकला. त्याला कुणाचा राग येत नव्हता आणि तेच त्याला सोसत नव्हतं. राग काढायला समोर कुणीतरी लागतं.

तो परत खोलीत गेला. पल्लवीला पाणी हवं होतं. त्यानं चमच्यानं पाणी पाजलं, उशी सरळ केली. ती सावध नजरेनं पाहत होती, पण पाणी प्यायली.

"तुम्ही इथं कामाला आहात का?" तिनं विचारलं.

"हो," सुदर्शन म्हणाला.

"मग एक काम करा ना. माझ्या नवऱ्याला फोन लावून द्या. कुठे राहिलाय कोण जाणे. तो असा राहत नाही."

डोळे पुसत त्यानं तिचा फोन तिच्या उशाशी ठेवला. बाहेर जाऊन निलोफरला हे सांगताना त्याचा आवाज फुटला. निलोफर मात्र एकदम ताठ झाली.

"लावा की फोन. जळालेला पूल डोळ्यांच्या वाटेवरचा आहे, कानांच्या नाही. समोर उभं राहून बोलता तेव्हा डोळे साक्ष देतात की हा तो नव्हे, आणि कानांचं कुणी ऐकत नाही. दिसलाच नाहीत तर कानांवर विश्वास बसेल. त्याला ओळख लागत नाही. ते तिचं स्वतःचं आहे."

सुदर्शन व्हरांड्याच्या टोकाला गेला. तिथून खोलीची काच दिसत होती, पण पल्लवीला तो दिसत नव्हता. त्यानं फोन लावला. नर्सनं तो पल्लवीच्या कानाशी धरला.

"पल्लवी."

"अरे, आहेस कुठे तू?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम सैल पडला. "मी इथं मरायला टेकलेय आणि तू गायब."

"कोल्हापूरला आलो होतो," तो म्हणाला. तोंडाला आलं ते बोलला. "निघालोय. हातकणंगले मागं टाकलं."

"सावकाश ये. घाई नको करू." ती दम खात होती. "बोलत राहा फक्त. मला बोलवत नाही जास्त."

तो बोलत राहिला. काय बोलला ते त्याला नंतर आठवलं नाही. रस्त्याकडेला उसाच्या गाड्या आहेत म्हणाला, जयसिंगपूर आलं म्हणाला. डॉक्टर काचेआड ये-जा करत होते. एकदा निलोफर त्याच्याजवळ आली आणि तिनं नकारार्थी मान हलवली. औषध लागू पडत नव्हतं. सुदर्शननं खोलीच्या दाराकडे पाहिलं. बायको वीस पावलांवर होती. आत जाऊन तिचा हात धरावा असं त्याच्या अंगातला कण न् कण ओरडत होता. पण तो आत गेला असता तर रस्त्यातला सुदर्शन नाहीसा झाला असता आणि तिच्याजवळ एक तोतया उरला असता. तो जागचा हलला नाही.

"सुदर्शन."

"बोल."

"इथं एक माणूस आहे. तुझ्यासारखा दिसतो. आधी भ्याले मी त्याला. पण बरा आहे बिचारा. पाणी पाजलं मला. तू आलास की त्याला ओरडू नकोस."

"नाही ओरडणार."

"रडत होता रे तो. त्याचं पण कुणीतरी आजारी असणार." ती थांबली, श्वास गोळा केला. "तू आलास की त्याला घरी पाठव. सकाळपासून उभा आहे."

"सांगतो त्याला," सुदर्शन म्हणाला.

"कुठवर आलास?"

"अंकलीचा पूल ओलांडतोय." आणि पूल ओलांडला की मिरज. रस्ता संपत आला होता, पुढे काय सांगायचं ते त्याला सुचेना. "मिरजेत आलो. रेल्वेचं फाटक पडलंय."

"पडायचंच," पल्लवी म्हणाली. हसली बहुतेक. "मालगाडी असेल."

"मालगाडीच आहे. लांबलचक."

मग ती बराच वेळ बोलली नाही. फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. सेतू त्याचा ताल शेवटपर्यंत धरून होता, नियमात लिहिल्याप्रमाणे. दोन श्वासांच्या मधे तिनं आणखी एकदा विचारलं, "उघडलं का रे फाटक?"

"उघडतंय," सुदर्शन म्हणाला. "शेवटचा डबा राहिलाय. आलोच मी."

त्यानंतरही तो बोलत राहिला. एक डबा गेला म्हणाला, आणखी एक आहे म्हणाला. नर्सनं पल्लवीच्या कानाजवळून फोन काढून घेतला, तेव्हा तो फाटकाशीच उभा होता.